दोन सेलची एलईडी टॉर्च एका सेलवर कशी चालवावी

दोन सेलच्या टॉर्चमधला एक सेल संपला किंवा गळून खराब झाला, की टॉर्चच बाजूला पडते. उरलेला सेल चांगला असतो, त्यात टॉर्च काही तास पेटेल एवढी ऊर्जाही असते, तरी ती वापरली जात नाही. प्रत्यक्षात अशा पुष्कळ टॉर्च एका सेलवर चालतात, फक्त दुसऱ्या सेलची रिकामी जागा नीट भरून द्यावी लागते. ज्या तशा चालत नाहीत, त्याही थोडं सोल्डरिंग केलं की चालवता येतात. आपली टॉर्च कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखायचं आणि मग उपाय निवडायचा, हा क्रम मात्र सोडू नये. न ओळखता हाताला लागेल तो सेल कोंबून पाहिला, तर एलईडी जळू शकतो.

इथे मी एए आकाराचे सेल गृहीत धरले आहेत. एएए, सी किंवा डी आकाराच्या टॉर्चलाही सगळं तसंच लागू आहे, मापं तेवढी बदलतील.

एका सेलवर एलईडी का पेटत नाही

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. दोन्ही प्रकाश मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. या निळ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर असते, म्हणजे त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यामुळे पांढऱ्या एलईडीला उजेडासाठी पावणेतीन व्होल्टच्या आसपास तरी लागतातच, आणि चांगला उजेड हवा तर ३ ते ३.३ व्होल्ट. दीड व्होल्टवर तो मंदसुद्धा पेटत नाही, त्यातून करंटच वाहत नाही.

आता दोन सेलचा हिशोब बघा. नवे अल्कलाइन सेल दोन मिळून ३ व्होल्टच्या थोडे वर असतात, अर्धे वापरल्यावर अडीचच्या आसपास येतात आणि संपताना १.८ च्या जवळ. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल दोन मिळून बहुतेक वेळ २.४ व्होल्ट देतात. म्हणजे दोन सेलसुद्धा पांढऱ्या एलईडीला जेमतेमच पुरतात, बऱ्याचदा पुरतही नाहीत. म्हणून दोन सेलच्या बऱ्या टॉर्चमध्ये बनवणारे एक बूस्ट सर्किट, म्हणजे व्होल्टेज चढवणारं सर्किट, घालतातच. त्यात एक कॉइल आणि एक वेगाने चालू-बंद होणारा स्विच असतो. स्विच चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते. तो बंद झाला की ती ऊर्जा सेलच्या व्होल्टेजवर चढून एलईडीकडे जाते. हे सेकंदाला हजारो-लाखो वेळा घडतं, त्यामुळे डोळ्याला उजेड स्थिर दिसतो.

आपलं काम सोपं होतं ते इथेच. जे सर्किट १.८ व्होल्टचे ३.२ करू शकतं, ते बऱ्याचदा १.२ व्होल्टचेही ३.२ करू शकतं. अशा सर्किटांमध्ये वापरल्या जाणाऱ्या अनेक चिप ०.९ व्होल्टच्या आसपासच सुरू होतात. काही कंपन्या तर टॉर्चचं एकच डोकं एका सेलच्या आणि दोन सेलच्या अशा दोन्ही नळ्यांवर बसवून विकतात. फेनिक्सच्या एल१डी आणि एल२डी या दोन टॉर्च अशाच होत्या: डोकं तेच, नळी तेवढी लांब.

स्वस्तातल्या काही टॉर्चमध्ये मात्र बूस्ट सर्किट नसतं. सेल, करंटला आवर घालणारा एखादा रेझिस्टर आणि एलईडी, एवढंच. अशी टॉर्च नव्या सेलवर बरी पेटते आणि थोड्याच वेळात झपाट्याने मंद होत जाते. तिला एका साध्या सेलवर चालवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. तिच्यासाठी वेगळे उपाय पुढे दिले आहेत.

आधी परीक्षा

यासाठी डमी सेल (रिकाम्या जागेत बसवायचा, वीज नुसती आरपार वाहू देणारा तुकडा) वगैरे काही बनवायची गरज नाही. मागच्या झाकणात स्विच असलेली धातूच्या नळीची टॉर्च असेल, तर झाकण काढा आणि एकच ताजा सेल, पॉझिटिव्ह टोक पुढे करून, डोक्यापर्यंत आत सरकवा. इन्सुलेशन असलेल्या वायरचं एक उघडं टोक सेलच्या मागच्या बाजूवर दाबून धरा. वायर आत ढकलायला एखादी लाकडी काडी बरी पडते. वायरचं दुसरं टोक नळीच्या मागच्या कडेला, जिथे रंग किंवा ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा वीज न वाहू देणारा थर) नाही अशा उघड्या धातूवर टेकवा. प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये सेल शेजारी-शेजारी असतील, तर एका सेलच्या जागेतली पत्री आणि स्प्रिंग वायरच्या तुकड्याने जोडली की झालं.

उजेड लख्ख पडला, तर सर्किटची कमी व्होल्टेजची क्षमता चांगली आहे. थेट डमी सेलच्या भागाकडे जा. नेहमीपेक्षा कमी, पण कामापुरता उजेड पडला, तरी तेच. सर्वसाधारणपणे हेच घडतं. टॉर्च दोन-चार वेळा लुकलुकून बंद झाली, तर तिच्यात बॅटरी कमी झाल्याचं ओळखून बंद करणारी व्यवस्था आहे. दोन रिचार्जेबल सेल फार रिकामे होऊ नयेत म्हणून ती १.८ व्होल्टच्या आसपास लावलेली असते, आणि आपला एक सेल तिला अगदी संपलेल्या जोडीसारखा भासतो. काहीच झालं नाही, तर एकतर बूस्ट सर्किट नाही किंवा ते इतक्या कमी व्होल्टेजवर सुरू होत नाही.

‘काहीच झालं नाही’ असं ठरवण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. टॉर्चला कमी-जास्त उजेडाच्या पायऱ्या असतील, तर सगळ्यात कमी पायरी लावून बघा. मोठ्या उजेडावर सेल दबून जातो आणि सर्किट सुरूच होऊ शकत नाही, पण लहान उजेडावर तीच टॉर्च तासन्‌तास चालते. दुसरं म्हणजे सेल बदलून बघा. रिचार्जेबल सेलचे १.२-१.३ व्होल्ट कमी पडत असतील, तर नव्या अल्कलाइनचे १.६ किंवा न वापरलेल्या दीड व्होल्टच्या लिथियम सेलचे सुरुवातीचे १.७-१.८ व्होल्ट सर्किट जागं करायला पुरे पडतात. सुरू व्हायला जेवढे व्होल्ट लागतात, त्यापेक्षा चालत राहायला कमी लागतात.

डमी सेल बनवणे

दुसऱ्या सेलच्या जागी बसणारा, आतून आरपार वीज वाहू देणारा पोकळ किंवा भरीव तुकडा म्हणजे डमी सेल. तयारही मिळतो: प्लॅस्टिकची नळी, मधून धातूचा दांडा. पण घरी बनवलेला तेवढाच चांगला होतो, किंबहुना मन लावून केला तर जास्त चांगला.

सुमारे १३ ते १४ मिलिमीटर जाडीचा लाकडी गोल दांडा घ्या आणि त्याचा ४२ मिलिमीटरचा तुकडा कापा. मधोमध, अगदी सरळ, ४ मिलिमीटरचं छिद्र पाडा. त्यातून ४ मिलिमीटरचा पितळी बोल्ट घाला, दोन्ही बाजूंना वॉशर लावा आणि नटने घट्ट आवळा. पितळी नसेल तर लोखंडी चालेल. बोल्टच्या डोक्यापासून दुसऱ्या टोकापर्यंतची एकूण लांबी ४९.५ ते ५०.५ मिलिमीटरच्या दरम्यान यायला हवी, कारण एए सेलची लांबी तेवढीच असते. जास्त झाली तर बोल्टचं टोक कानसीने घासा. कमी पडली तर एखादा वॉशर वाढवा. वॉशर १० मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत, म्हणजे ते नळीच्या भिंतीला लागणार नाहीत. शेवटी दोन्ही टोकं बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि लाकडावर टेपचा एक वेढा द्या. एएए साठी लांबी ४४.५ आणि व्यास १०.५ मिलिमीटरपेक्षा कमी, डी साठी लांबी ६१.५ आणि व्यास ३४ च्या आत धरावा.

लाकूड नको असेल तर जाड पेनाच्या नळीत तांब्याची १ मिलिमीटर जाड तार घालून, दोन्ही टोकांना पितळी चकत्या सोल्डर केल्या तरी चालतं. पाच सेंटिमीटरच्या अशा तारेचा रोध एक हजारांश ओहमच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. खरा रोध तयार होतो तो टेकण्याच्या जागी: मळकट स्प्रिंग, गंजलेली पत्री, ढिला नट. म्हणून मी ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याच्या पूर्ण विरोधात आहे. सगळे पहिल्यांदा तोच सुचवतात. फॉइलचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, प्रत्येक थरावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, दाब बदलला की रोध बदलतो. आणि फॉइल पसरून नळीला चिकटलं की शॉर्टसर्किट.

एका सेलवर रोध एवढा महत्त्वाचा का, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा एलईडीला ३.१ व्होल्टवर १०० मिलिॲम्पियर मिळत आहेत, म्हणजे ०.३१ वॅट. सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर सेलकडून सुमारे ०.३९ वॅट यायला हवेत. दोन रिचार्जेबल सेलच्या २.४ व्होल्टवर त्यासाठी ०.१६ ॲम्पियर लागतात. एका सेलच्या १.२ व्होल्टवर ०.३२ ॲम्पियर. करंट दुप्पट झाला, म्हणजे वाटेतल्या रोधावर वाया जाणारे व्होल्टही दुप्पट, आणि ते आता अर्ध्याच व्होल्टेजमधून जाणार. वाटेत ०.१ ओहम असेल तर ३२ मिलिव्होल्ट जातात, ते सोसवतात. फॉइलच्या बोळ्याने १ ओहम घातला, तर १.२ व्होल्टचा सेल त्या रोधातून जास्तीत जास्त ०.३६ वॅटच पुढे पाठवू शकतो. हवे आहेत ०.३९. अशा वेळी सर्किट जास्त करंट मागत जातं, व्होल्टेज आणखी बसतं, आणि टॉर्च लुकलुकते किंवा विझते. टॉर्च एका सेलवर चालत नाही अशी तक्रार येते, तेव्हा दोष अनेकदा टॉर्चचा नसून टेकणाऱ्या जागांचा असतो. स्प्रिंग, पत्र्या आणि नळीचे आटे आधी कापडाने पुसा, गरज असेल तिथे पॉलिश पेपर फिरवा. गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा थर साचला असेल, तर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून तो काढा. मग पाण्याच्या ओलसर बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

खरा सेल पुढे, डमी मागे

वीज दोन्ही क्रमांनी सारखीच वाहते, त्यामुळे डमी कुठेही ठेवला तरी चालेल असं वाटतं. धातूच्या नळीत तसं नसतं. तिथे नळी स्वतःच निगेटिव्ह वायरचं काम करते. डमी पुढे ठेवला आणि त्याचा बोल्ट किंवा वॉशर भिंतीला लागला, तर सेलचं पॉझिटिव्ह टोक थेट नळीला जोडलं जातं. स्विच दाबला की संपूर्ण शॉर्टसर्किट, आणि सेल तापून गळतो. तोच डमी मागे असेल आणि भिंतीला लागला, तर फार तर स्विच निकामी ठरतो आणि टॉर्च बंद होत नाही. ते लगेच लक्षात येतं, त्यात धोका नाही. शिवाय काही टॉर्चच्या डोक्यात सेल उलटा बसू नये म्हणून पॉझिटिव्ह पत्रीभोवती प्लॅस्टिकची कडा असते; त्या खाचेत खऱ्या सेलचं बारीक टोक नेमकं बसतं, बोल्टचं डोकं बसेलच असं नाही.

डमी सेल म्हणजे वाहकाचा नुसता तुकडा आहे हे कधी विसरू नये. तो चार्जरमध्ये घालायचा नाही. ज्या उपकरणात सेल समांतर जोडलेले असतात, तिथे तर तो शेजारच्या सेललाच शॉर्ट करतो. शेजारी-शेजारी सेल बसणाऱ्या टॉर्चमध्ये म्हणून आधी खात्री करा: सेल एकमेकांच्या उलट दिशेने बसत असतील, तर ते बहुधा एकापाठोपाठ जोडलेले असतात, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतील, तर पत्र्या तपासल्याशिवाय डमी घालू नका.

मल्टिमीटर असेल तर एकदा करंट मोजून घ्यावा. झाकण काढून, मीटरच्या वायरची एक टोकदार काडी मागच्या सेलच्या किंवा डमीच्या टोकावर आणि दुसरी नळीच्या उघड्या कडेवर टेकवली, की टॉर्च मीटरमधून पेटते. यासाठी १० ॲम्पियरचं वेगळं छिद्र वापरा. मिलिॲम्पियरच्या रेंजमध्ये मीटर स्वतःच रोध घालतो, आणि एका सेलवर तेवढ्याने टॉर्च पेटणारच नाही. दोन सेलवर आणि एका सेलवर असे दोन्ही आकडे घ्या. एका सेलवर करंट वाढला, तर सर्किट उजेड टिकवायची धडपड करत आहे आणि कोणता सेल वापरायचा याला महत्त्व आहे. करंट तेवढाच राहिला किंवा घटला, तर आत जाणारी शक्ती निम्मी किंवा त्याहून कमी झाली आहे. उजेड कमी मिळेल, पण सेल बराच वेळ टिकेल.

कोणता सेल घालावा

माझी निवड स्पष्ट आहे: चांगल्या प्रतीचा निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल. त्याचं व्होल्टेज अल्कलाइनपेक्षा कमी दिसतं, १.२ व्होल्ट, म्हणून लोक कचरतात. पण त्याचा अंतर्गत रोध काही दशांशांऐवजी काही शतांश ओहमच असतो. अर्धा ॲम्पियर खेचला तरी तो १.२ च्या आसपास टिकून राहतो. अल्कलाइन सेल मात्र दीडवरून भराभर खाली येतो, आणि जास्त करंटवर त्याच्यावर छापलेल्या किंवा सांगितलेल्या क्षमतेचा मोठा भाग बाहेरच येत नाही. एका सेलवर करंट दुप्पट होत असल्यामुळे हा फरक आणखी वाढतो. वरच्याच उदाहरणात २००० मिलिॲम्पियर-तासांचा रिचार्जेबल सेल उजेड पूर्ण राखून सुमारे सहा तास चालेल.

लहान उजेडावर, पन्नास-साठ मिलिॲम्पियरवर चालणाऱ्या टॉर्चला अल्कलाइन उत्तम. थंडीत आणि वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या टॉर्चसाठी न चार्ज होणारा दीड व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यात भरवशाचा. तो हलकाही असतो आणि गळण्याची शक्यता फार कमी.

अलीकडे यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. त्यांच्या आत ३.७ व्होल्टचा सेल आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. शेवटपर्यंत बरोबर दीड व्होल्ट मिळत असल्याने एका सेलवर ते छान चालतात. पण संपताना काहीच इशारा न देता एकदम अंधार होतो, हे ठाऊक असू द्या.

एका सेलवर चालवण्याचा एक फायदाही आहे. दोन सेल एकापाठोपाठ असताना त्यातला एक आधी संपला, तर दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहतो आणि संपलेला सेल उलट्या दिशेने चार्ज होतो. सेल गळण्याचं आणि रिचार्जेबल सेल बिघडण्याचं हे एक मोठं कारण आहे. एकट्या सेलला हा धोका नाही. तरी बूस्ट सर्किट त्याला अगदी तळापर्यंत ओढतं, म्हणून रिचार्जेबल सेल असेल तर उजेड ठळकपणे घटला की लगेच काढावा. ०.९ व्होल्टच्या खाली नेण्यात त्याचं नुकसान आहे.

३.७ व्होल्टचा सेल का टाळावा

१४५०० या नावाने मिळणारा लिथियम-आयन सेल एए एवढाच असतो: १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. दोन सेलचे ३ व्होल्ट आणि याचे एकट्याचे ३.७, म्हणून डमीबरोबर हा घालण्याचा मोह होतो. पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचे ४.२ व्होल्ट असतात. बूस्ट सर्किट फक्त व्होल्टेज चढवू शकतं, उतरवू शकत नाही. सेलचं व्होल्टेज एलईडीच्या गरजेपेक्षा जास्त झालं, की करंट कॉइल आणि डायोडमधून (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) सरळ एलईडीकडे धावतो आणि सर्किटच्या हातात काहीच उरत नाही. एलईडीत व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट कित्येक पट वाढतो, त्यामुळे एक व्होल्टची चूक म्हणजे किरकोळ चूक नव्हे. उजेड डोळे दिपवणारा पडतो, टॉर्च तापते, आणि काही वेळाने एलईडी निळसर होत मरतो किंवा सर्किट जातं. टॉर्चवर किंवा तिच्या माहितीपत्रकात ४.२ व्होल्टपर्यंत चालेल असं लिहिलं असेल तरच हा सेल वापरावा.

बूस्ट सर्किट नसलेल्या टॉर्चसाठी याचा भाऊबंद मात्र कामाचा आहे: लिथियम आयर्न फॉस्फेटचा १४५०० सेल. बागेतल्या सौरदिव्यांमध्ये तो असतो. त्याचं व्होल्टेज ३.२, चार्जरमधून काढल्यावर ३.६५ पर्यंत, पण थोड्या वापरानंतर लगेच ३.३ च्या आसपास स्थिरावतं. एलईडीला नेमकं हवं तेवढंच. सेल, डमी आणि टॉर्चमधला मूळचा रेझिस्टर एवढ्यावर काम होतं, आणि दोन अल्कलाइन सेलपेक्षा उजेड जास्त सपाट राहतो. रेझिस्टर नसेल तर १ ते २ ओहमचा एक घालावा. क्षमता बहुधा ४०० ते ६०० मिलिॲम्पियर-तास एवढीच असते. त्याला त्याचाच चार्जर लागतो, ४.२ व्होल्टच्या चार्जरमध्ये घालू नये. तसंच तो २.५ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, आणि साध्या टॉर्चमध्ये ते थांबवणारं काही नसतं, म्हणून उजेड मंदावला की काढून चार्ज करायचा.

रिकाम्या जागेत बूस्टर बसवणे

हातात साधे दीड व्होल्टचेच सेल आहेत आणि टॉर्चमध्ये बूस्ट सर्किट नाही, किंवा आहे पण एका सेलवर सुरू होत नाही, तर मला सगळ्यात आवडणारा उपाय हा: डमीच्या जागेतच सर्किट बसवायचं. टॉर्चला हातही लावायचा नाही. बूस्टर काढला आणि दोन सेल घातले की टॉर्च पूर्ववत.

डमी सेलला दोन टोकं असतात, या बूस्टरला तीन लागतात: सेलकडून येणारं पॉझिटिव्ह, एलईडीकडे जाणारं पॉझिटिव्ह आणि दोघांचं सामाईक निगेटिव्ह. त्यामुळे क्रम उलटतो. खरा सेल मागे, बूस्टर पुढे. बूस्टरची मागची पत्री सेलच्या पॉझिटिव्ह टोकावर टेकते, पुढची पत्री डोक्यातल्या पत्रीवर, आणि बाजूने एक लवचीक पत्री बाहेर येऊन नळीच्या भिंतीवर घासते. भिंतीवर त्या जागी ॲनोडायझिंग असेल तर ते खरवडून काढावं लागेल. पुढची आणि मागची पत्री भिंतीला अजिबात लागू नये म्हणून सगळ्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवावी आणि फक्त निगेटिव्हची पत्री उघडी ठेवावी. स्विच मागच्या झाकणात असल्यामुळे तो बंद केला की नळी सेलपासून तुटते आणि बूस्टरही बंद होतो. प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये निगेटिव्हची वायर स्विचच्या पलीकडे, एलईडीच्या बाजूला जोडावी. नाहीतर टॉर्च बंद असतानाही बूस्टर सेल खात राहील. डमीसारखा हा उलटसुलट चालत नाही, म्हणून पुढच्या टोकावर ठळक खूण करा.

आत काय घालायचं? ०.९ व्होल्टपासून चालणारा, ३.३ व्होल्ट देणारा छोटा तयार मॉड्यूल, म्हणजे बूस्ट सर्किटची तयार पट्टी, सगळ्यात सोपा. एलईडीला १०० मिलिॲम्पियर द्यायचे आणि त्याला त्या करंटवर ३ व्होल्ट लागत असतील, तर उरलेल्या ०.३ व्होल्टसाठी ३ ओहमचा रेझिस्टर लागतो, २.७ किंवा ३.३ ओहमचा लावावा. टॉर्चमध्ये आधीच रेझिस्टर असेल तर तो मोजून वजा करा. ५ व्होल्ट देणारे मॉड्यूल जास्त सहज मिळतात, पण त्यांना सुमारे २० ओहमचा रेझिस्टर लावून एक तृतीयांशाहून जास्त शक्ती उष्णतेत घालवावी लागते. एका सेलवर ही उधळपट्टी परवडत नाही. टॉर्चमध्ये स्वतःचं बूस्ट सर्किट असेल, तर ३.३ व्होल्टचा मॉड्यूल रेझिस्टरशिवाय लावता येतो, पण टॉर्चच्या एलईडीला ३ व्होल्टपेक्षा कमी लागत असतील तर करंट एकदा मोजून पाहा. दोनदा रूपांतर होतं, दोन्हींची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर शेवटी ७२ टक्केच हाती लागते. तरी टॉर्च पेटते, हे महत्त्वाचं.

मॉड्यूल नसेल तर जूल थीफ, म्हणजे चार-पाच सुट्या भागांतून घरी करता येणारं साधं बूस्ट सर्किट. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकात झेड. कापर्निक यांनी ते अगदी साध्या रूपात मांडलं, आणि जगभरच्या हौशी लोकांनी उचललं. लागतं काय, तर एक फेराइटची (काळसर चुंबकीय पदार्थाची) कडी, थोडी इनॅमलची (वर पातळ इन्सुलेशन असलेली तांब्याची) तार, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक एनपीएन ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर इथे वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचचं काम करतो, आणि बेस, कलेक्टर, एमिटर हे त्याचे तीन पाय. ट्रान्झिस्टर बीसी५४७ ही चालतो, पण मी बीसी३३७ घेतो. त्याची करंट सोसण्याची मर्यादा १०० ऐवजी ८०० मिलिॲम्पियर आहे. फेराइटची कडी जुन्या सीएफएल दिव्यात किंवा मोडक्या पॉवर सप्लायमध्ये सापडते.

दोन तारा एकत्र धरून कडीवर पंधरा ते वीस वेढे घ्या. आता एका तारेचं शेवटचं टोक दुसऱ्या तारेच्या सुरुवातीच्या टोकाला जोडा. हा जोड सेलच्या पॉझिटिव्हला जातो. उरलेल्या दोन टोकांपैकी एक रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला, दुसरं सरळ कलेक्टरला. एमिटर सेलच्या निगेटिव्हला. एलईडीचं पॉझिटिव्ह कलेक्टरवर, निगेटिव्ह एमिटरवर. बीसी३३७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. जोडण्याआधी तारांच्या टोकांवरचं इनॅमल खरवडून तांबं उघडं करायला हवं. सगळं जोडूनही पेटलं नाही, तर जवळजवळ नेहमीच दोष वेढ्यांच्या दिशेचा असतो: एकाच तारेची दोन टोकं आपापसांत बदला.

हे सर्किट ०.६-०.७ व्होल्टपर्यंत उतरलेल्या सेलवरही एलईडी पेटता ठेवतं, त्यामुळे इतर उपकरणांनी टाकून दिलेले अल्कलाइन सेल यात वापरून संपवता येतात. उजेड साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीला पुरेल एवढा, सुमारे २० मिलिॲम्पियरचा. वाट शोधायला, फ्यूज बदलायला, वाचायलाही पुरतो. जास्त हवा तर रेझिस्टर ४७० किंवा ३३० ओहमपर्यंत कमी करून बघा आणि ट्रान्झिस्टर तापत नाही ना याकडे लक्ष ठेवा. कार्यक्षमता तयार मॉड्यूलपेक्षा कमीच राहते. टॉर्चमध्ये बसवताना एलईडीचा जोड पक्का आहे याची खात्री करून मगच स्विच दाबा. एलईडी सुटला, तर कलेक्टरवर दहापट-वीसपट व्होल्टेजचे झटके बसतात आणि ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आणि जूल थीफ फक्त थेट एलईडीला जोडायचं. ज्या टॉर्चमध्ये आधीच बूस्ट सर्किट आहे, तिला ते झटके देऊ नयेत.